रांग गेली कुठे?

प्रवासाच्या नियोजनाचे एक नवे साधन नुकतेच हाताळून पाहण्याचा योग आला. कणकवलीच्या कार्यकर्ता शिबिरासाठी मुंबईहून आम्ही सहाजण निघणार होतो. पूर्वी अशा वेळी एखाद्या तरुण साथीला चहापाण्याचे पैसे देऊन पहाटेच आरक्षणाच्या खिडकीवर धाडण्याची रीत होती. या वेळी त्या तरुण साथीने खिशातून मोबाईल काढला, 'रेलवन' नावाचे ॲप उघडले आणि कार्यालयातल्या त्याच मोडक्या बाकावर बसून कोकणकन्या, मांडवी, तुतारी अशा एकेका गाडीची वेळ, भाडे आणि शिल्लक जागा भराभर सांगण्यास आरंभ केला. चहाचे पेले रिकामे होण्यापूर्वी सहाजणांची तिकिटे निघाली. परतीचीही निघाली. गाडी कोणत्या फलाटावर येईल, उशिरा धावत असेल तर किती, डब्यात पाणी नसेल तर तक्रार कोठे नोंदवायची, हे सारे त्याच पडद्यावर आहे असेही त्याने दाखविले. मी थक्क झालो हे प्रांजळपणे कबूल करतो.

हे कौतुक चालू असताना कार्यालयाची झाडलोट करणाऱ्या बाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांचे गाव सिंधुदुर्गात. दर गणपतीला त्या गावी जातात. त्या म्हणाल्या, "काका, तुमचं झालं. पण आता रांग लावायची कुठं?"

या प्रश्नाला उत्तर देताना माझी जीभ अडखळली. घरी आल्यावरही तो प्रश्न पिच्छा सोडीना. हा लेख म्हणजे त्या अडखळण्याचा हिशेब आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. समाजवादी माणूस यंत्र दिसले की बिथरतो, असा आरोप आपल्यावर नेहमीचाच आहे. बँकांत आणि विमा कंपन्यांत संगणक आले तेव्हा कामगार संघटनांनी विरोध केला, त्याचे दाखले आजही आपल्या तोंडावर फेकले जातात. परंतु रेल्वेचा इतिहास निराळे सांगतो. १९७७ ते १९७९ या काळात प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर रात्रभर अंग ठेचून घेणाऱ्या प्रवाशाला दोन इंच जाडीची गादी मिळाली ती त्यांच्या निर्णयामुळे. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर वर्गभेद न मानणारी गीतांजली एक्स्प्रेस धावली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. आणि आरक्षणाच्या संगणकीकरणाला चालना देण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. खिडकीमागचा काळाबाजार आणि चिरीमिरी थांबावी, कोणाला जागा मिळाली व कोणाला नाही हे उघड्यावर यावे, हा संगणकाचा उपयोग या समाजवादी मंत्र्याने ओळखला होता. पुढे १९८५ साली दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा प्रयोग झाला, १९८६ मध्ये रेल्वेची स्वतःची संगणक संस्था उभी राहिली आणि ३ ऑगस्ट २००२ पासून इंटरनेटवर तिकीट मिळू लागले. तेव्हा यंत्राशी आपले वैर नाही. यंत्र ज्याच्या हाती आहे तो ते कोणाच्या सोयीसाठी चालवितो, एवढाच आपला प्रश्न आहे आणि तो जुनाच आहे.

आता त्या पडद्याकडे पुन्हा पाहू. पडदा जागा दाखवितो. तो जागा निर्माण करीत नाही. गाडीला शयनयानाचे डबे जितके जोडले असतील तितक्याच शायिका तेथे असणार. मागणी दहा आणि जागा एक अशी स्थिती असली की कोणत्याही साधनाने नऊजण वगळले जाणारच. साधन बदलले की वगळले जाणारे नऊजण कोण हे मात्र बदलते. खिडकीवरच्या रांगेत जो पहाटे लवकर येईल, जो पाय दुखेपर्यंत उभा राहील, त्याला तिकीट मिळे. ही कसोटी क्रूर होती यात शंका नाही. पण पहाटे उठण्याची शक्ती निदान गरिबाजवळही होती. आजच्या कसोटीला चांगला मोबाईल लागतो, खंड न पडणारे इंटरनेट लागते, आधारशी जोडलेले खाते लागते, बँकेतून क्षणात पैसे वळते करण्याची सवय लागते आणि इंग्रजी अक्षरांवरून सराईतपणे फिरणारे बोट लागते. आरक्षण सकाळी आठ वाजता सर्वत्र एकाच वेळी खुले होते. खिडकीवरचा कारकून एका वेळी एक अर्ज हातात घेतो. त्याच क्षणी देशभरातील हजारो बोटे पडद्यावर पडलेली असतात. २२ मे २०२५ रोजी सकाळी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे इंटरनेटवरून काढली गेली, हा विक्रम सरकारनेच अभिमानाने जाहीर केला. त्या एका मिनिटात खिडकीवरच्या माणसाने आपल्या गावाचे नावसुद्धा पुरते उच्चारलेले नसेल.

बरे, या शर्यतीत सगळी माणसेच धावतात असेही नाही. तत्काळ तिकिटांच्या पहिल्या पाच मिनिटांत येणाऱ्या मागण्यांपैकी निम्म्यापर्यंत मागण्या माणसांच्या नसून दलालांनी सोडलेल्या स्वयंचलित प्रणालींच्या असतात, अशी कबुली रेल्वे मंत्रालयाने जून २०२५ मध्ये दिली. अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केल्याचेही त्याच वेळी सांगण्यात आले. खिडकीजवळ घुटमळणारा जुना दलाल निदान डोळ्यांना दिसे. रांगेतला एखादा खमक्या म्हातारा त्याची गचांडी धरी. नव्या दलालाला चेहराच नाही. १ जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटासाठी आधारची सक्ती आणि पहिल्या अर्ध्या तासात अधिकृत दलालांना बंदी, हे उपाय योजण्यात आले. त्यांचे स्वागत करू. पण चोर पकडण्याची जबाबदारी प्रामाणिक प्रवाशाच्या ओळखपत्रावर टाकली गेली आणि चोराला पोसणाऱ्या टंचाईला कोणी हात लावला नाही, हेही सांगितले पाहिजे.

त्याच १ जुलै २०२५ या दिवशी दिल्लीत 'रेलवन'चे समारंभपूर्वक उद्घाटन झाले आणि त्याच दिवसापासून भाडेवाढही अमलात आली. मेल-एक्स्प्रेसच्या साध्या वर्गांना किलोमीटरमागे एक पैसा आणि वातानुकूलित वर्गांना दोन पैसे अशी ती वाढ होती. वाढ किरकोळ होती आणि उपनगरी प्रवासी तीतून वगळले होते, हे खरे. परंतु ज्येष्ठ नागरिकांची गोष्ट किरकोळ नाही. साठीच्या पुढील पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढील स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये करोनाचे कारण सांगून ती काढून घेतली गेली. करोना ओसरला, गाड्या पूर्ववत झाल्या, गर्दी पूर्ववत झाली. सवलत मात्र परतली नाही. पडद्यावर वयाचा रकाना आजही आहे. वय विचारले जाते, त्याचा मान राखला जात नाही. याउलट श्रीमंती गाड्यांत मागणी वाढेल तसे भाडे वाढविण्याची पद्धत सप्टेंबर २०१६ मध्ये आली. दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी वाढे आणि अशी ही चढण पन्नास टक्क्यांपर्यंत जाई. पुढे तीत फेरफार झाले, पण तिच्यामागचे तत्त्व कायम राहिले. ज्याची गरज अधिक त्याने अधिक मोजावे, हे ते तत्त्व. सार्वजनिक सेवेत ते बाजारातून आले आहे आणि संगणकाशिवाय ते राबविणे अशक्य होते.

कोणी म्हणेल, ही सारी खर्चाची अपरिहार्यता आहे, यात हेतू शोधू नका. त्यांच्यासाठी एक घटना सांगतो. इंटरनेटवरून आरक्षित तिकीट काढणाऱ्याला 'सुविधा शुल्क' द्यावे लागते. मोबाईलवरून यूपीआयने पैसे भरले तर साध्या वर्गासाठी १० रुपये आणि वातानुकूलित वर्गासाठी २० रुपये. अन्य मार्गांनी भरले तर १५ आणि ३० रुपये. वर कर निराळा. ज्या यंत्रामुळे रेल्वेचा कारकून, कागद आणि खिडकी वाचते, ते वापरल्याबद्दल प्रवाशालाच हा दंड! नोटाबंदीनंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये हे शुल्क माफ झाले होते. १ सप्टेंबर २०१९ रोजी ते पुन्हा सुरू झाले आणि पुढच्याच महिन्यात तिकीट विकणाऱ्या या सरकारी महामंडळाचे समभाग बाजारात आले. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारने ठरविले की या शुल्काचा निम्मा वाटा महामंडळाने रेल्वेला द्यावा. दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच समभाग कोसळला. सूर्य मावळण्यापूर्वी सरकारने निर्णय मागे घेतला.

साथींनो, हा हिशेब मनात पक्का ठेवा. भागधारकांचे गाऱ्हाणे एका दिवसात ऐकले गेले. म्हाताऱ्या आईबापांचे गाऱ्हाणे वर्षानुवर्षे वेशीवर टांगलेले आहे. दोन्ही गाऱ्हाणी एकाच मंत्रालयाच्या दारात गेली होती. राज्यसंस्थेचे कान कोणत्या बाजूला आहेत, हे कळण्यासाठी याहून जाडजूड ग्रंथ वाचण्याची गरज नाही.

आणखी एक धोका नजरेआड करता येणार नाही. खिडकीवरच्या कारकुनाला आपले नाव, वय आणि गाव एवढेच ठाऊक होई, आणि तेही तो संध्याकाळपर्यंत विसरे. यंत्र काहीच विसरत नाही. आपण कोठे जातो, कोणाबरोबर जातो, काय खातो, पैसे कोठून भरतो, ही सारी माहिती साठत राहते. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रवाशांच्या या माहितीतून पैसा उभा करण्यासाठी सल्लागार नेमण्याची निविदा याच महामंडळाने काढली होती. ओरड झाल्यावर त्याच महिन्यात ती मागे घेण्यात आली. ओरड झाली म्हणून ती मागे गेली, हे विसरू नये.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळतो. रांग गेली कुठे? ती नाहीशी झालेली नाही. ती फुटून घराघरांत विखुरली आहे. पूर्वी गणपतीच्या आधी आरक्षण खिडकीसमोर चाकरमान्यांची रांग रस्त्यापर्यंत जाई. ती वृत्तपत्रांत छापून येई, आमदारांना दिसे, मंत्र्यांना टोचे. रांगेत शेजारचा शेजाऱ्याला आपली व्यथा सांगे. दोघांची व्यथा एकच आहे हे ध्यानी येई. त्यातून घोषणा निघे, अर्ज निघे, कधी मोर्चा निघे. कोकण रेल्वेची मागणी दशकानुदशके जिवंत राहिली ती अशाच एकत्र जमणाऱ्या माणसांमुळे, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी ती पूर्ण मार्गावर धावू लागली. आज प्रत्येक चाकरमानी आपापल्या खोलीत पडद्यासमोर एकटा बसतो. काही मिनिटांत प्रतीक्षायादी उमटते आणि तो चडफडत आपल्याच बोटांना, आपल्याच इंटरनेटला दोष देतो. यादी अखेरपर्यंत पुढे सरकली नाही की तिकीट आपोआप रद्द होते. भाड्यातून काही रक्कम कापून उरलेली परत येते, सुविधा शुल्क मात्र जाते ते जातेच. किती जणांना जागा नाकारली गेली हे कोणालाही दिसत नाही. टंचाईला शासनकर्त्यांच्या दृष्टीने याहून सोयीचे रूप कोणते असू शकेल?

ज्याला आरक्षण मिळाले नाही त्याला तेच ॲप अनारक्षित तिकीट मात्र आनंदाने देते, रेल्वेच्या वॉलेटमधून पैसे भरल्यास तीन टक्के सूटही देते. त्या तिकिटांच्या संख्येला मर्यादा नाही. शंभरएक बैठकांच्या सर्वसाधारण डब्याला मात्र आहे. ते तिकीट घेऊन शौचालयाच्या दाराशी रात्र काढणाऱ्या माणसाने कोणत्या नियोजनाचा आनंद मानायचा?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. मेल-एक्स्प्रेस गाड्यांना शयनयानाचे व सर्वसाधारण डबे वाढवावेत. सणांच्या काळात खिडकीवरून मिळणाऱ्या जागांचा वाटा राखून ठेवावा. ज्येष्ठांची सवलत परत द्यावी. सुविधा शुल्क रद्द करावे. आणि प्रत्येक मार्गावर किती प्रवाशांना जागा नाकारली गेली त्याचा आकडा दरमहा प्रसिद्ध करावा. विक्रमी मिनिटाचा आकडा ज्यांना सांगता येतो त्यांना हाही आकडा सांगता येईल. यंत्राजवळ तो आहेच.

परंतु केवळ मागण्या करून आपली सुटका नाही. आपल्यापैकी ज्यांना पडदा हाताळता येतो ते आपले तिकीट काढून मोकळे होतात. मीही त्या दिवशी मोकळा झालोच होतो. प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक सकाळ आपले कार्यालय तिकिटांसाठी खुले ठेवावे. तरुण साथींनी मोबाईल घेऊन बसावे, वस्तीतल्या लोकांची खाती उघडून द्यावीत आणि तिकिटे काढून द्यावीत. दलालाप्रमाणे पैसे घेऊ नयेत. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांची नोंद एका साध्या वहीत करावी: गाडी, तारीख, प्रतीक्षाक्रमांक. अशा शंभर वह्या जमल्या म्हणजे विखुरलेली रांग पुन्हा दिसू लागेल. त्या वह्या घेऊन विभागीय रेल्वे व्यवस्थापकाच्या दारात जाऊ, प्रवासी सल्लागार समितीच्या टेबलावर ठेवू, खासदारांच्या हाती देऊ.

आमच्या शाखेची वही उघडली आहे. तिच्यात पहिले नाव त्या बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे.