आधी बर्फ द्या

मा. केंद्रीय युवा व्यवहार व क्रीडा मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

पुरुषांच्या राष्ट्रीय आइस हॉकी स्पर्धेबद्दल लिहितो आहे. विषय आपल्या खात्याला नवा नाही, म्हणून प्रास्ताविक करत नाही. अर्ज झाले, निवेदने झाली, आठवणीची पत्रेही झाली. कुठून पोच आली, कुठून तीही आली नाही, आणि पोच आली तिथेही गोष्ट पोचेपुढे सरकली नाही. बंद लिफाफ्यातली पत्रे कुणी वाचत नसेल, तर पत्र उघड्यावर लिहिण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही.

हिवाळ्यात राज्यांचे संघ लेहला जमतात. एका बाजूला लष्कर, भारत-तिबेट सीमा पोलीस आणि लडाखचे संघ. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र, दिल्ली, हरियाणा, चंडीगड, तेलंगणा. पहिल्या बाजूची पोरे लेहमधल्या करझूच्या गोठलेल्या तळ्यावर चालायला शिकली, दुसऱ्या बाजूच्या पोरांनी बर्फ पाहिला तो विमानातून उतरल्यावर. दोघांना एकाच रिंकवर उभे करायचे, शिट्टी वाजवायची आणि निकालपत्रकावर ‘राष्ट्रीय’ असा शिक्का मारायचा, हे वर्षानुवर्षे चालले आहे. अंतिम सामना कोणत्या संघांत होणार, हे सोडतीच्या आधीच सगळ्यांना माहीत असते. लडाखच्या खेळाडूंबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ते जिंकतात कारण ते चांगले खेळतात. माझा राग त्यांच्यावर नाही. ज्यांनी उरलेल्या देशाला बर्फच दिला नाही आणि तरी स्पर्धेला राष्ट्रीय म्हटले, त्यांच्यावर आहे.

मी पुण्यात मुलांना स्केटिंग शिकवतो. आमची मुले इनलाइन स्केट्सवर, म्हणजे एका ओळीतल्या चार चाकांवर, सिमेंटच्या किंवा टाइल्सच्या मैदानावर हॉकी खेळतात. आपल्याला वरवर पाहता हा तोच खेळ वाटेल. तो तोच नाही. चाकांच्या हॉकीत गोलरक्षक सोडून चार जण असतात, बर्फावर पाच. चाकांच्या हॉकीत ऑफसाइड नाही. बर्फावर निळ्या रेषेच्या आत पकच्या, म्हणजे रबरी चकतीच्या, आधी पोचलात की खेळ थांबतो. म्हणजे मुलाने वर्षभर जी धाव अंगात मुरवली, तीच धाव लेहच्या पहिल्या सामन्यात चूक ठरते. शिट्टी वाजते, तो गोंधळून मागे पाहतो, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच करतो, कारण पायांची सवय डोक्याचे ऐकत नाही.

सगळ्यात मोठी अडचण थांबण्याची. बर्फावर थांबायचे तर दोन्ही पाती एकदम आडवी फिरवायची, गुडघे वाकवायचे आणि पात्याच्या धारेने बर्फाचा पातळ थर खरवडायचा. चांगल्या खेळाडूच्या पायाखालून तेव्हा पांढरा भुगा उडतो. ही कृती चाकांवर शिकता येत नाही, कारण चाक आडवे घसरत नाही, ते पकडते. लेहच्या पहिल्या सरावाला आमची मुले वेगात येतात, सवयीने वळायला जातात आणि कडेच्या फळ्यांवर आदळतात. अंगावर संरक्षक साहित्य असते म्हणून निभावते. त्यातच वजनाला लेदर बॉलएवढा, दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचा कडक रबरी पक अंगावर येत असतो. गोलात उभा असलेला मुलगा तर बर्फावर आडवे सरकायलाच तिथे पहिल्यांदा शिकतो, आणि समोरून नेम धरणारा फौजेतला खेळाडू लहानपणापासून बर्फावर खेळलेला असतो.

वर लेहची उंची. समुद्रसपाटीपासून साधारण ३,५०० मीटर. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन मुंबईच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच. आइस हॉकी हा दमाचा खेळ आहे. खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून धावतो आणि बदली खेळाडूला जागा देतो. २०-२० मिनिटांचे तीन भाग. पहिल्या भागाच्या शेवटी आमच्या मुलांचे ओठ निळसर झालेले मी पाहिले आहेत. त्यांना तिथल्या हवेची सवय व्हायला दिवस लागतात आणि ते दिवस मिळावेत म्हणून मुक्कामाचा खर्च वाढतो. तो खर्च पालक करतात. विमानाचे तिकीट पालक काढतात. स्केट्स, हेल्मेट, पॅड, काठ्या हेही पालक घेतात. गोलरक्षकाचा चांगला संच लाखाच्या घरात जातो. रिक्षा चालवणाऱ्याचा मुलगा या खेळात येऊच शकत नाही, आणि आला तर घर कर्जात जाते.

आता मुद्द्यावर येतो. मंत्रिमहोदय, या देशाने बर्फ विकत घेतला होता. डेहराडूनला. २०११च्या जानेवारीत झालेल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी महाराणा प्रताप क्रीडा महाविद्यालयाच्या आवारात छप्पर असलेले, ऑलिंपिक मापाचे रिंक उभे राहिले. त्या वेळच्या बातम्यांनुसार खर्च सुमारे ८० कोटी रुपये. २०१२च्या मार्चमध्ये तिथेच आइस हॉकीचा आशियाई चॅलेंज चषक झाला. परदेशी संघ भारतात येऊन भारतीय बर्फावर खेळले. आणि मग कुलूप. कारण सांगितले गेले वीजबिलाचे आणि देखभालीचे. ८० कोटी घालताना बर्फ गोठवायला वीज लागते हे कुणालाच माहीत नव्हते का? रिंक म्हणजे मुळात एक मोठे शीतगृह आहे. ज्याने शीतगृह बांधले त्याने महिन्याच्या बिलाची तरतूद आधी करायची असते, भाजीचा व्यापारीसुद्धा एवढे करतो.

२०११ साली बांधले, २०१२ साली वापरले, २०२५ साली दुरुस्त करून पुन्हा उघडले. मधली १३ वर्षे गेली. २०१२ साली जो मुलगा १० वर्षांचा होता तो २०२५ साली २३ वर्षांचा झाला. आइस हॉकीपटू घडण्याचे वय नेमके हेच. एक अख्खी पिढी त्या कुलपाबाहेर मोठी झाली. तिने शिकायच्या वयात चाकांवर शिकून घेतले, खेळायच्या वयात लेहच्या फळ्यांवर आदळून घेतले आणि नोकरीच्या वयात खेळ सोडला. या १३ वर्षांचा हिशेब कुणाकडे आहे? कुणावर जबाबदारी निश्चित झाली? ८० कोटींची इमारत पडून राहिली तर चौकशी व्हावी एवढी रक्कम ती नाही का?

रिंक पुन्हा उघडले याचा मला मनापासून आनंद आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये तिथे आशियाई स्तरावरची शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची स्पर्धाही झाली. पण २०१२ सालीही तिथे आशियाई स्पर्धाच झाली होती. स्पर्धा झाली, पाहुणे गेले आणि दिवे मालवले गेले. ते पुन्हा होणार नाही याची लेखी हमी कुठे आहे? पुढच्या पाच वर्षांच्या विजेची आणि देखभालीची तरतूद झाली आहे का? राज्यांच्या संघांना तिथे सरावाला किती दिवस मिळणार, कोणत्या दराने? हे आम्ही वेगवेगळ्या दारांत विचारून पाहिले. उत्तर नाही.

दुसरी सबब हवामानाची. महाराष्ट्र उष्ण आहे, इथे बर्फाचा खेळ कसा चालेल, असे आम्हाला तोंडावर सांगितले गेले आहे. मनिला उष्ण नाही? बँकॉक, क्वालालंपूर, दुबई, अबू धाबी थंड आहेत? २०१७च्या आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धा क्वालालंपूरला झाल्या तेव्हा त्यांत आइस हॉकी पहिल्यांदा खेळली गेली आणि सुवर्णपदक थायलंडने नेले. ज्या देशात कधी बर्फ पडत नाही त्या देशाने! भारताच्या पुरुष संघाने आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना २००९ साली खेळला तो कुठे? अबू धाबीत. भारतीय महिला संघाने २०२५ साली आशिया चषकात कांस्यपदक मिळवले ते कुठे? अल ऐनला, त्याच वाळवंटी देशात. म्हणजे हिमालय आमच्याकडे, आणि बर्फासाठी आम्ही वाळवंटात जातो. हवामानाची सबब यापुढे कुणी सांगू नये.

आणि हिमालयातल्या मुलांचे तरी काय बरे चालले आहे? लडाखमध्ये हा खेळ फौजेमुळे रुजला आणि तिथल्या लोकांनी तो आपला केला. रात्री गोठणबिंदूच्या खूप खाली पारा उतरला की तळ्यावर पाणी ओतायचे, सकाळी ते घट्ट झाले की खेळायचे, दुपारच्या उन्हात बर्फ मऊ पडला की थांबायचे. डिसेंबरच्या मध्यापासून फार तर फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत ही सोय. दीड-दोन महिने. थंडी उशिरा आली की तेवढेही नाहीत. लेहच्या एनडीएस क्रीडासंकुलात यंत्राने बर्फ गोठवण्याची व्यवस्था झाली, पण तीही उघड्या आभाळाखाली. सिमल्याचे रिंक १९२०चे. शंभर वर्षे उलटून गेली तरी तिथला हंगाम थंडीच्या मर्जीवरच चालत आला. भारताचा संघ परदेशात ज्यांच्याशी खेळतो ते वर्षभर बर्फावर असतात. आपले सर्वोत्तम खेळाडू, लडाखचे, वर्षातले दहा महिने बर्फाविना. मग त्यांच्याकडून पदकाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? २०१५ साली कुवेतला जाण्यासाठी या खेळाडूंना लोकवर्गणी मागावी लागली होती. अंगावर भारताची जर्सी आणि पुढे पसरलेला हात, हे दृश्य ज्या देशात घडते त्या देशाचे क्रीडाखाते आपल्याकडे आहे.

भारतीय आइस हॉकी संघटना १९८९ची, आंतरराष्ट्रीय महासंघाचे सदस्यत्वही त्याच वर्षीचे. तेव्हापासून साडेतीन दशके लोटली. पूर्ण मापाचे, छपराखालचे, बाराही महिने चालू शकेल असे रिंक या देशात एकच, आणि त्याच्या आयुष्यातला बहुतेक काळ कुलपात. मॉलमधल्या छोट्या रिंकवर वाढदिवस साजरे होतात, सामने होत नाहीत. मुंबईत गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये बर्फाचे लहानसे रिंक होते. आमच्या ओळखीतले कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदा पात्यांवर तिथे उभे राहिले. २०२२मध्ये ते उद्यानच बंद झाले.

तरीही महाराष्ट्राच्या स्केटरांनी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतून सुवर्णपदके आणली आहेत. बर्फ नसलेल्या राज्यातून! हे कौतुकाने सांगितले जाते, सत्कार होतात, फेटे बांधले जातात. त्या फेट्यांचा खर्च वाचवा आणि मुलांना बर्फावरचे तास द्या. वेगाच्या शर्यतीत एखादे गुणी पोर चाकांवरची मेहनत बर्फावर नेऊ शकते, कारण तिथे ते एकटे असते. हॉकी वीस-बावीस जणांच्या संघाची आहे. सगळ्यांनी एकत्र, एकाच बर्फावर, महिनोन्महिने सराव केल्याशिवाय पासही नीट जात नाही.

म्हणून मागणी करतो, विनंती नव्हे. डेहराडूनच्या रिंकचा चालू खर्च केंद्राने उचलावा आणि तो अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळीने दाखवावा, म्हणजे पुन्हा कुणाला बिलाकडे बोट दाखवून कुलूप लावता येणार नाही. राष्ट्रीय स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक राज्य संघाला स्पर्धेआधी तिथे किमान तीन आठवडे सराव मिळावा, निवासासह आणि विनामूल्य. स्पर्धेच्या तारखा निदान चार महिने आधी जाहीर व्हाव्यात. लेहचे विमान ऐन वेळी काय भावाने मिळते, हे तारखा ठरवणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या खिशातून पाहावे. आणि महाराष्ट्रात पूर्ण मापाचे एक बंदिस्त रिंक व्हावे. साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद बर्फ, त्याभोवती थोडी जागा. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेली म्हाळुंगे-बालेवाडीची क्रीडानगरी पुण्यात आहे. तिथे जागेची पाहणी करा, राज्य सरकारला सोबत घ्या, खर्चाचा अंदाज जाहीर करा.

तोवर लेहच्या स्पर्धेला राष्ट्रीय म्हणू नका. लडाख आणि सैन्यदलांची अजिंक्यपद स्पर्धा म्हणा. तो त्या खेळाडूंचा खरा मान आहे आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे. आमच्या मुलांना फक्त नकाशावरची राज्ये मोजून दाखवण्यासाठी तिथे उभे करू नका.

येत्या हंगामासाठी आमचा संघ निवडायला घेतला आहे. पालकांची बैठक होईल तेव्हा पहिला प्रश्न येईल तो सरावाचा. डेहराडूनचे दिवस ठरले का, एवढेच ते विचारतील. त्या बैठकीआधी आपल्या खात्याकडून तारीख, कालावधी आणि खर्च कोण करणार, या तीन गोष्टी लेखी कळवाव्यात. पोच नको, उत्तर हवे.

आपला,
एक स्केटिंग प्रशिक्षक, पुणे