ट्राम, तार आणि बॅटरी

फ्रान्समधील नीस शहरात २००७ साली आधुनिक ट्राम सुरू झाली, तेव्हा कार्निव्हलच्या मिरवणुकांसाठी प्रसिद्ध असलेल्या मासेना चौकावर विजेची तार ओढायची नाही, असे आधीच ठरले होते. त्यासाठी आल्स्टॉमच्या गाड्यांवर निकेल मेटल हायड्राइड बॅटऱ्या बसविण्यात आल्या. चौकाअलीकडे पँटोग्राफ खाली घ्यायचा, बॅटरीवर चौक ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा तार पकडायची, अशी ही व्यवस्था. मासेना आणि गारिबाल्डी या दोन्ही चौकांतील तारविरहित अंतर प्रत्येकी अर्ध्या किलोमीटरहूनही कमी आहे. अमेरिकेत डॅलसने २०१५ मध्ये जुन्या पुलावर, तर ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमने २०१९ मध्ये व्हिक्टोरिया स्क्वेअरच्या वारसा वास्तूंपुढे हाच मार्ग पत्करला. यावेळी बॅटऱ्या लिथियम-आयनच्या होत्या.

हे टप्पे आखूड का, याचे उत्तर वजनात आहे. अंतर वाढवायचे तर बॅटरी वाढते, गाडी जड होते आणि ते वजन ओढण्यासाठीच अधिक वीज लागते. त्यातच चौकात वाहतूक कोंडी झाली, तर थांबलेल्या गाडीतील दिवे आणि वातानुकूलन यंत्रणाही त्याच बॅटरीवर चालतात. त्यामुळे क्षमतेचा हिशेब वेळापत्रकावरून नव्हे, तर उन्हाळ्यातील सर्वाधिक गर्दीच्या दुपारवरून मांडावा लागतो.

बॅटरीचा दुसरा लाभ तुलनेने दुर्लक्षित राहतो. ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज तारेत परत सोडता येते. मात्र ती घेणारी दुसरी गाडी जवळपास नसेल, तर बहुतेक ठिकाणी ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. गाडीवरच साठवण असेल, तर तीच वीज पुढच्या थांब्यावरून निघताना उपयोगी पडते. चौकाच्या सौंदर्यापेक्षा हा फायदा अधिक टिकाऊ म्हणावा लागेल.

नाशिकच्या ‘मेट्रो निओ’साठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. ही संकल्पना रुळांची नव्हे, रबरी चाकांची. पण मुख्य मार्गावर तारेखाली धावताना बॅटरी भरायची आणि पूरक मार्गांवर ती वापरायची, हे तत्त्व तेच. अशा योजनेत पूरक मार्गाची लांबी मुख्य मार्गावर भरलेल्या विजेनेच ठरते. शिवाय गाडीचे आयुष्य काही दशकांचे, बॅटरीचे त्याहून बरेच कमी. मधल्या काळात ती बदलण्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकात दाखवायचा की पुढे तिकिटातून वसूल करायचा, हे निविदा निघण्यापूर्वीच ठरावे लागते.