तलवार कुणाची, मान कुणाची?

दोस्तांनो, आधी कबुली. सामुराई मलाही आवडतो.

गोदीतली पाळी सुटते. खांदे सोलून निघालेले असतात. खोलीवर येऊन पडतो आणि मोबाईलवर मांगा उघडतो. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचायची. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, चारातला एक शब्द अडतो. पण तलवार म्यानातून सुटली की भाषा लागतच नाही. पानभर नुसता वारा, गवत, दोन माणसं. मग एक रेघ. मग एकच माणूस उभा.

पांढरपेशे म्हणतात, असली थिल्लर चित्रं बघून पोरं बिघडतात. त्यांना काय ठावं? मुकादम आईवरनं शिवी देतो, आपण गिळतो. घरमालक आडनाव विचारून खोली नाही म्हणतो, आपण गिळतो. गिळून गिळून पोटाचं गोदाम झालंय. सामुराई गिळत नाही. अपमान झाला त्याच जागी, त्याच क्षणी हिशोब चुकता. आमच्या पोरांना ओढ आहे ती त्या क्षणाची.

आमच्या टोळीतल्या एकानं दंडावर सामुराई गोंदवून घेतलाय. गेल्या महिन्यात मुकादमानं त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली आणि वर जातीवरून बोलला. रात्री तो मला म्हणाला, "माझ्याकडं तलवार असती ना..."

त्याच्यासाठी हे लिहितोय.

गड्या, त्या काळच्या जपानात जन्मला असतास तरी तलवार तुझ्याकडं नसतीच. १५८८ साली तोयोतोमी हिदेयोशीनं हुकूम काढून शेतकऱ्यांच्या घरातली हत्यारं जप्त केली. सांगितलं काय, तर बुद्धाच्या मोठ्या मूर्तीच्या कामाला खिळे करायचेत. नाव बुद्धाचं, आणि हत्यार धन्याच्या कमरेला! पुढं तोकुगावांच्या अडीचशे वर्षांच्या राज्यात दोन तलवारी लावायचा मान सामुराईचाच. लढाया तर संपलेल्या. मग हे वीर करत काय होते? बहुतेक कारकुनी. पगार तांदळात मोजून. तांदूळ पिकवणाऱ्याच्या ताटात मात्र बहुतेक वेळा भरड धान्य. आणि खालच्या माणसानं अपमान केला तर त्याला जागच्या जागी कापायची मुभा. 'किरिसुते गोमेन' म्हणत तिला. मागून चौकशी व्हायची, पण मुभा होती.

आता तो तुझा आवडता क्षण पुन्हा बघ. एक रेघ, एक माणूस उभा. तू स्वतःला उभ्या माणसाच्या जागी बघतोस. आडवा पडलेला कोण होता?

आणखी खाली उतर. शेतकऱ्याच्याही खाली तिथं माणसं होती. मेलेली गुरं ओढणारी, कातडं कमावणारी. त्यांना 'एता' म्हणत. ज्या अक्षरांनी तो शब्द लिहीत त्यांचा अर्थ 'भरपूर घाण'. दुसरे 'हिनिन', म्हणजे माणूस नव्हे. वस्ती वेगळी, सोयरीक वेगळी, धंदा जन्मानं ठरलेला. ओळखीचं वाटतंय ना? सोळाव्या शतकात लढाया पेटल्या तेव्हा सरदारांनी हेच कातडं कमावणारे आपल्या किल्ल्यांजवळ आणून बसवले. चिलखताला, खोगिराला कातडं लागतंच. तुझ्या दंडावरच्या चिलखताचं कातडं आपल्यासारख्याच कुणाच्या तरी हातचं आहे. कातडं अंगाला चाललं, कमावणारा दाराशी चालला नाही.

'कोझुरे ओकामी' तू वाचलंस. काझुओ कोइकेनं लिहिलेलं, गोसेकी कोजिमानं काढलेलं, १९७० ते १९७६ मधलं. शोगुनसाठी शिरच्छेद करणारा ओगामी इत्तो, बायको मारली गेल्यावर तान्ह्या दाइगोरोला ढकलगाडीत घालून सूड घ्यायला निघतो. मीही रात्र जागून वाचलं. पण विचार कर. सरदारांची डोकी उडवणारा ओगामी मानकरी, आणि साध्या गुन्हेगाराच्या देहान्त शिक्षेला राबणारा, मढं उचलणारा हिनिन बाटलेला. तलवार तीच, रक्त तेच. हात कुणाचा एवढाच सवाल.

मग मांगा फेकून द्यायचा? नाय. सानपेई शिरातोचा 'कामुई-देन' वाचायचा. शिरातोचा बाप कामगारवर्गीय कलेच्या चळवळीतला चित्रकार. १९६४ साली कात्सुइची नागाईनं 'गारो' मासिक काढलं ते मुख्यतः या कथेला जागा द्यायला. १९७१ पर्यंत ती चालली, विद्यार्थ्यांनी डोक्यावर घेतली. 'कोझुरे ओकामी'वाला कोजिमाही आधी तिच्याच चित्रांवर राबला होता.

कामुई हिनिन वस्तीत जन्मलेला. त्याला वाटतं, ताकद कमावली की जात सुटेल. तो निन्जा होतो, पट्टीचा होतो. पण मालक तिथंही आहेतच. पळतो, तर त्याच्याच टोळीचे मारेकरी जन्मभर मागं. हातात सगळं कसब, आणि सुटका शून्य. दुसरा शोसुके. तो शेतकऱ्यांना एकत्र करतो, कामुईच्या बहिणीशी जात ओलांडून संसार करतो. सरकार हिनिनांना शेतकऱ्यांच्या अंगावर सोडतं, शेतकरी हिनिनांचा द्वेष करतात, वरचा मजा बघतो. ही गाठ शोसुके सोडू पाहतो. शिरातो खोटा विजय दाखवत नाही. पण प्रश्न नीट मांडतो.

उत्तर पुस्तकाबाहेर आहे. १८७१ च्या फर्मानानं 'एता', 'हिनिन' ही नावं गेली. १८७६ साली सामुराईची तलवारही गेली. विटाळ राहिला. मग ३ मार्च १९२२ ला, आपल्या महाडच्या पाच वर्षं आधी, या बुराकुमिनांनी क्योतोत सुइहेशा उभी केली. सगळ्यांना एका पातळीवर आणणाऱ्यांची संघटना. त्यांची रीत काय? अपमान करणाऱ्याला गाठायचं आणि सगळ्यांनी मिळून तोंडावर जाब विचारायचा. तोच तुझा क्षण, गड्या! तलवारीशिवायचा. लढाई तिथंही संपली नाही. १९७५ साली उघडकीला आलं की बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या कंपन्यांना चोरून विकल्या जात होत्या, नोकरी मागणाऱ्याचं मूळ हुडकायला. २०१६ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला.

तर त्या दिवशी तलवार नव्हती हे खरं. पण मुकादमापुढं आपण चौघं होतो. तू, मी, आणखी दोघं. चौघांच्याही तोंडात जिभा होत्या. आपण चपला बघत उभे राहिलो. तलवार नसल्याची हळहळ तू रात्रभर केलीस. जीभ न उचलल्याची कुणी केली नाही. मीही नाही, आणि कवी म्हणवतो साला.

दंडावरचा सामुराई राहू दे, गोंदलेलं जात नाही. पुढच्या खेपेला मुकादम जातीवर आला की चौघांनी एक पाऊल पुढं यायचं आणि जाब विचारायचा.

पहिला मी विचारतो.