नुसता ‘किडा’ म्हणू नका

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या हातून एक चूक झाली. पुढचे सगळे तिच्यामुळेच घडले, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

येथे न्यू जर्सीत घरामागच्या वाफ्यात आम्ही दरवर्षी शेपू लावतो. एके सकाळी पाहतो तो निम्मा शेपू फस्त! हिरव्या अंगावर काळे पट्टे आणि पट्ट्यांवर पिवळे ठिपके असलेले सात जीव निवांत चरत होते. आम्ही साबणाच्या पाण्याची बादली आणली आणि सातही उचलून तिच्यात टाकले. आमची नऊ वर्षांची कन्या शेजारीच उभी होती. तिने विचारले, “बाबा, ते काय होतं?”

“किडा.”

“पण कुठला किडा?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. मराठीतही नाही आणि इंग्रजीतही नाही.

दुपारी ग्रंथालयातून पुस्तक आणले तेव्हा उलगडा झाला. त्या ‘ब्लॅक स्वॉलोटेल’ फुलपाखराच्या अळ्या होत्या. हेच फुलपाखरू २०१६ पासून न्यू जर्सीचे राज्य फुलपाखरू आहे. म्हणजे ज्या राज्यात आम्ही इतकी वर्षे कर भरतो, त्याच्या मानचिन्हाचे सात नमुने आम्ही बादलीत बुडवले होते. कन्या दोन दिवस आमच्याशी धड बोलली नाही, आणि तिचे चुकले असे आम्हाला वाटत नाही.

प्रायश्चित्त म्हणा, हट्ट म्हणा, पण आम्ही घरच्यांनी ठरवले की वर्षभर दर शनिवारी, मराठीचा वर्ग सुटला की, अंगणातल्या एका लहानशा जीवाचा अगदी जवळून फोटो काढायचा आणि त्याचे मराठी नाव शोधून वहीत लिहायचे. जुनाच कॅमेरा होता. मॅक्रो लेन्स तेवढी वापरलेली विकत घेतली. इतक्या जवळून फोटो घेताना जेमतेम एखादा मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर! म्हणून जमिनीवर आडवे व्हायचे, श्वास रोखायचा आणि वाट पाहायची. फ्लॅशचा प्रकाश मऊ पडावा म्हणून दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनचा तुकडा कापून पुढे लावला. काही लोक कीटकांना फ्रीजमध्ये गारठवून त्यांचे फोटो काढतात. तसे करायचे नाही, हा आमचा नियम होता. पहाटे दव पडलेले असताना ते आपण होऊनच गारठून स्वस्थ बसलेले असतात. आपण लवकर उठले की झाले.

त्या उन्हाळ्यात आमची आई चिपळूणहून आली होती. खरे सांगायचे तर आजी आणि नात यांच्यात संभाषण असे फारसे नव्हते. “जेवलीस का?” “हो.” एवढ्यावर काम भागत असे. ऑगस्टमध्ये शेपूवर पुन्हा अळ्या आल्या. या वेळी बादली नाही, कॅमेरा बाहेर आला. कन्येने एकीला हळूच काडी लावली, तर अळीने डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगे बाहेर काढली आणि घाण वास सुटला. कन्या किंचाळली. आई मात्र हसून म्हणाली, “अगं, ही तर आमच्या कढीपत्त्यावर असते तशीच! तिची शिंगं लाल असतात. आणि सुरवंट म्हणू नको हो हिला. केस असतात, खाज सुटते, तो सुरवंट. ही अळी.”

इंग्रजीत दोघांना एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत, आणि कोणाला हात लावायचा नाही हे त्या दोन शब्दांतच सांगून ठेवले आहे. चिपळूणच्या कढीपत्त्यावरची अळी आणि आमच्या शेपूवरची अळी खरोखरच एका कुळातल्या आहेत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ज्या राणी पाकोळीला राज्य फुलपाखरू म्हणून मान दिला, तीही याच कुळातली. त्या दिवसापासून आजी-नातीचे बोलणे काही थांबले नाही.

आता मुद्द्याचे बोलतो. आपल्या वर्गातल्या तक्त्यावर वाघ, सिंह, हत्ती आणि उंट आहेत. यांतला एकही प्राणी आपल्या मुलांना शाळेच्या वाटेवर भेटत नाही. जे रोज भेटतात त्यांना मात्र आपण सरसकट ‘किडा’ म्हणून मोकळे होतो. मुंगी वेगळी, मुंगळा वेगळा. पंख पसरून बसतो तो चतुर, आणि बारीक अंगाची, बहुधा पंख मिटून बसते ती टाचणी. गोम, गोगलगाय, नाकतोडा, रातकिडा, काजवा, ढालकिडा, गांधीलमाशी हे सगळे येथे आहेत, आणि आपल्या भाषेत त्यांना नावेही आहेत. ती मुलांपर्यंत पोचत नाहीत, कारण ती आपल्याच तोंडी राहिलेली नाहीत.

काही पालक म्हणतील, आठवड्याला जेमतेम दोन तास मिळतात. मुलांना क्रियापदे येत नाहीत, तेथे किड्यांची नावे कशाला? आमचा अनुभव उलटा आहे. अळी वळवळते, गोम सरपटते, नाकतोडा टुणकन उडतो, पतंग फडफडतो, भुंगा गुणगुणतो, रातकिडा किरकिरतो. इतकी क्रियापदे आम्हाला कोणत्याही पाठात एका जागी सापडली नाहीत. दुसरी शंका गोचिडीची. ती रास्त आहे. मोजे ओढून घ्यावेत, घरी आल्यावर अंग तपासावे. पण तेवढ्यासाठी दार बंद करू नये.

नाव कळले म्हणून सगळ्यांनाच अभय द्यावे असेही नाही. ‘स्पॉटेड लँटर्नफ्लाय’ हा आशियातून आलेला उपद्रवी कीटक. पेनसिल्व्हेनियात तो २०१४ मध्ये आणि आपल्या राज्यात २०१८ मध्ये सापडला. तो द्राक्षवेलींचे फार नुकसान करतो, म्हणून दिसताच चिरडा, असे राज्याचेच सांगणे आहे. आमचे चिरंजीव सुरुवातीला ठिपके दिसले की पाय आपटत. त्यात बिचारे ढालकिडेही गेले. आता ते आधी वाकून पाहतात. ओळख असली तरच चिरडायचे कोणाला आणि सोडायचे कोणाला हे कळते.

५२ पैकी ४३ शनिवार साधले. जानेवारीत तळघरातल्या कोळ्यांवर भागवावे लागले. आई नोव्हेंबरमध्ये परत गेली, पण फोटो फोनवर जात राहिले आणि नावे येत राहिली. काही नावे तिलाही आठवेनात. ती म्हणाली, “माझ्या आईला ठाऊक होती.” हे वाक्य आम्हाला फार लागले. आमची मुले आमच्याबद्दल एवढेही म्हणू शकणार नाहीत.

म्हणून एक सूचना. प्रत्येक मुलाने एका लहान जीवाचा फोटो किंवा चित्र आणावे, आणि आजी-आजोबांना फोन करून त्याचे नाव विचारून यावे. गावही लिहावे, कारण नावे गावोगावी बदलतात. त्यातून वर्गासाठी नवा तक्ता करू. ज्याला मराठीत नाव नसेल त्याला मुलांनीच द्यावे. आठ डोळ्यांचा, चकचकीत हिरव्या जबड्यांचा एक उड्या मारणारा काळा कोळी येथे आढळतो. कन्येने त्याचे नाव ‘हिरवदात्या’ ठेवले आहे. कोणाची हरकत नसेल तर तक्त्यावर तेच लिहू.

यंदा आम्ही शेपूचे दोन वाफे लावले आहेत. एक आमचा, एक अळ्यांचा. पाहायला जरूर या. आणि बालमित्रांनो, पुढच्या शनिवारी वर्गाला येताना एक चित्र आणि एक नाव आणायला विसरू नका.

— एक पालक