कॅन्सरच्या रुग्णाला पाठदुखी, पायात अशक्तपणा किंवा गोंधळलेपणा: कोणती लक्षणं 'उद्या बघू' म्हणून सोडू नयेत?

जानेवारी २०२५ मध्ये पुणेकरांच्या मोबाइलवर एक नवा शब्द फिरू लागला, जीबीएस. म्हणजे गुलियन-बॅरे सिंड्रोम. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात रुग्ण वाढत गेले. पुढच्या काही आठवड्यांत दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. दूषित पाण्यावरून वाद झाला, केंद्राचं पथक येऊन गेलं. या काळात शहर एक गोष्ट मात्र नीट शिकलं. पायातली ताकद अचानक कमी झाली, तर घरी बसायचं नाही, रुग्णालय गाठायचं.

कॅन्सर रुग्णाच्या घरी हा धडा अनेकदा लागू होत नाही. तिथे पाय जड झाले तर 'केमोचा अशक्तपणा असेल' असं म्हटलं जातं. पाठ दुखली तर 'झोपून झोपून दुखत असेल'. रुग्ण असंबद्ध बोलू लागला तर 'गोळ्यांची गुंगी'. बऱ्याचदा हे खरंही असतं. पण काही वेळा हीच लक्षणं मेंदूवर किंवा मज्जारज्जूवर आलेल्या संकटाची असतात. अशा वेळी 'सोमवारच्या ओपीडीत दाखवू' म्हणून गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत.

मणक्यात नेमकं काय होतं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात कॅन्सरचे सुमारे १४ लाख ६० हजार नवे रुग्ण होते. उपचार सुधारल्याने आजार पसरल्यावरही अनेक जण काही वर्षं चांगलं जगतात. पण जितकी वर्षं वाढतात, तितकी आजार हाडांत आणि मेंदूत पोहोचण्याची शक्यताही वाढते.

स्तन, फुप्फुस आणि प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यांत पसरण्याचं प्रमाण जास्त आहे. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्येही मणके पोखरले जातात. पोखरलेला मणका खचतो, किंवा त्यातली गाठ मागच्या बाजूला वाढते. मागे मज्जारज्जू असतो, म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे जाणारी मुख्य वायर. गाठीच्या दाबामुळे आधी शिरांतला रक्तप्रवाह अडतो आणि मज्जारज्जूला सूज येते. दाब तसाच राहिला तर रक्तपुरवठा तुटतो आणि पेशी मरू लागतात. सूज उतरवता येते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. घाई करायची ती याचसाठी.

कॅन्सर झालेल्या साधारण शंभरातल्या पाच जणांवर आजाराच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर ही वेळ येते. त्यातल्या बहुतेकांचं पहिलं लक्षण पाठदुखी असतं. पाय लुळे पडण्याच्या कित्येक आठवडे आधी ती सुरू झालेली असते. म्हणजे इशारा मिळालेला असतो, फक्त तो ओळखला जात नाही.

साधी पाठदुखी आणि ही पाठदुखी, फरक कसा ओळखायचा?

कॅन्सर असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या व्यक्तीत पुढीलपैकी काही दिसलं, तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावं:

- पाठीच्या मधल्या भागात किंवा मानेत नव्याने सुरू झालेली आणि वाढतच जाणारी दुखी
- आडवं पडल्यावर किंवा रात्री जास्त दुखणं, त्यामुळे झोपमोड होणं
- खोकताना, शिंकताना किंवा शौचाला जोर लावताना कळ येणं
- छातीला किंवा पोटाला पट्टा आवळल्यासारखी दुखी

आणि पुढीलपैकी एक जरी दिसलं, तर फोनवर सल्ल्याची वाट न बघता थेट आपत्कालीन विभागात जावं:

- पायात ताकद नसणं, जिना चढता न येणं, चालताना तोल जाणं
- पायात किंवा कमरेखाली बधिरपणा, मुंग्या
- लघवी तुंबणं, किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं
- बसताना टेकतो तो भाग आणि जांघांच्या आत बधिर वाटणं

लघवीची तक्रार बऱ्याचदा उशिरा येते. त्यामुळे 'लघवी तर व्यवस्थित होतेय' म्हणून पायातला अशक्तपणा दुर्लक्षून चालत नाही.

काही तासांनी खरंच फरक पडतो का?

पडतो. २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मणक्यात गाठीचा दाब असलेल्या १०१ रुग्णांपैकी काहींना फक्त रेडिएशन दिलं, तर काहींची आधी शस्त्रक्रिया करून दाब काढला आणि मग रेडिएशन दिलं. उपचारांनंतर पहिल्या गटातले ५७ टक्के, तर दुसऱ्या गटातले ८४ टक्के रुग्ण चालू शकत होते.

त्या अभ्यासातली एक अट जास्त बोलकी आहे. ज्यांचे पाय पूर्ण लुळे पडून ४८ तासांपेक्षा जास्त वेळ झाला होता, त्यांना त्यात घेतलंच नव्हतं. सगळ्याच रुग्णांना शस्त्रक्रिया झेपत नाही, सगळ्यांना तिची गरजही नसते. पण एक सूत्र सगळीकडे दिसतं: रुग्णालयात चालत आलेला रुग्ण बहुतेक वेळा चालत राहतो. पाय पूर्ण गेल्यावर आलेल्यांपैकी फार थोडे पुन्हा उभे राहतात.

म्हणूनच ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की अशा दाबाची लक्षणं असलेल्या रुग्णाच्या मणक्याचा एमआरआय २४ तासांच्या आत व्हावा. साध्या एक्स-रेवर विसंबून चालत नाही, कारण एक्स-रे स्वच्छ असूनही आत दाब असू शकतो. दाब एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी असू शकतो, त्यामुळे पूर्ण मणक्याचा एमआरआय करतात. सूज उतरवण्यासाठी डॉक्टर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू करतात आणि पुढे रेडिएशन की शस्त्रक्रिया हे ठरतं.

मेंदूशी संबंधित इशारे कोणते?

*झटका, फिट किंवा आकडी.* कॅन्सर रुग्णाला आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली, तर ती थांबल्यावरही त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं. फिट चालू असताना घड्याळ बघावं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर जिवाला धोका असतो. रुग्णाला कुशीवर वळवावं. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही, वेळ मात्र जातो.

*तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळणं.* ही पक्षाघाताची लक्षणं आहेत. कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच जास्त असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते या रुग्णाला चालेल का, हे प्लेटलेट्स आणि मेंदूचा स्कॅन बघून ठरतं. म्हणून 'शेवटचं व्यवस्थित कधी बघितलं होतं' ती वेळ लक्षात ठेवावी.

*डोकेदुखी आणि उलट्या.* सकाळी उठल्यावर जास्त होणारी, दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, सोबत उलटी, दोन-दोन दिसणं किंवा सुस्ती असेल, तर मेंदूतला दाब वाढलेला असू शकतो.

*अचानक गोंधळलेपणा.* माणसं न ओळखणं, वेळकाळाचं भान जाणं. मेंदूत गाठ असेलच असं नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढलं, सोडियम उतरलं, साखर कमी झाली किंवा वेदनाशामकांचा डोस जास्त झाला, तरी हेच दिसतं. कॅल्शियम वाढलं की आधी खूप तहान, वारंवार लघवी आणि बद्धकोष्ठता होते. साध्या रक्तचाचणीत बरंच कळतं आणि यातली अनेक कारणं बरी करता येतात. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापासोबत गोंधळलेपणा असेल, तर तो रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असू शकतो. तिथे सकाळची वाट बघणं धोक्याचं.

*नव्या औषधांनंतरची लक्षणं.* इम्युनोथेरपीत प्रतिकारशक्ती क्वचित स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पापण्या खाली येणं, गिळायला त्रास, श्वास लागणं ही तिची लक्षणं. जीबीएससारखाच अशक्तपणाही येऊ शकतो. कार-टी उपचारांनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अक्षर बिघडणं किंवा शब्द न सुचणं हाही इशारा मानतात. भारतीय बनावटीची कार-टी थेरपी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने विकसित केली आहे. २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, त्यामुळे हे उपचार घेऊन घरी परतणारे रुग्ण आता महाराष्ट्रातही असतील.

पुण्यात रात्री अकरा वाजता काय करायचं?

राज्याची मोफत १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिचं नियंत्रण केंद्र पुण्यातच, औंधला आहे. फिट थांबत नसेल, शुद्ध हरपली असेल किंवा श्वास लागत असेल, तर १०८ लाच फोन करावा आणि सर्वात जवळच्या सुसज्ज रुग्णालयात जावं. पाय लुळे पडत असतील, पण रुग्ण शुद्धीत आणि स्थिर असेल, तर जिथे कॅन्सरचे उपचार चालू आहेत तिथे निघता निघता फोन करावा. रात्री एमआरआय होतो का आणि रेडिएशनची सोय आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. रेडिएशनचं यंत्र प्रत्येक रुग्णालयात नसतं. चुकीच्या दारात गेलं तर पहाट तिथेच होते.

पेठांतल्या जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, जिने अरुंद असतात. पाठीत तीव्र कळ असलेल्या रुग्णाला खुर्चीत बसवून किंवा खांद्याला धरून उतरवू नये, स्ट्रेचरवर सपाट ठेवून न्यावं. मालिश करून घेणं किंवा हाडवैद्याकडे नेणं टाळावं, खचलेला मणका त्याने आणखी सरकू शकतो. डॉक्टरांना न विचारता स्टेरॉइड सुरू करू नये आणि चालू असेल तर एकदम बंदही करू नये.

आपत्कालीन विभागात गर्दी असते. तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं: 'यांना अमुक कॅन्सर आहे, पायातली ताकद काल संध्याकाळपासून कमी झालीय, मणक्यात दाब आहे का ते बघायचंय.' नुसतं 'पाठ दुखतेय' म्हटलं, तर रुग्ण रांगेत मागे जातो. सोबत शेवटचा डिस्चार्ज कागद, चालू गोळ्यांची यादी आणि शेवटच्या केमोची तारीख असावी.

पैशांचं काय?

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका रुग्णालयाने मागितलेल्या अनामत रकमेवरून मोठा वाद झाला. त्यानंतर महापालिकेने खासगी रुग्णालयांना तातडीच्या रुग्णांकडून अनामत मागू नये, अशा सूचना दिल्या. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन येतं. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतात, दाखल झाल्यावर लगेच त्यांना गाठावं.

मात्र या सगळ्या तरतुदी रुग्ण दारात पोहोचल्यानंतरच्या आहेत, आणि मणक्याच्या बाबतीत बराचसा उशीर त्याआधी, घरातच होतो. जीबीएसच्या वेळी लक्षणांची यादी आठवड्याभरात घरोघरी पोहोचली होती. ब्रिटनमध्ये अनेक रुग्णांना अशा इशाऱ्यांचं छोटं कार्ड खिशात ठेवायला देतात. छापायला फार खर्च येत नाही. पुण्यातल्या कॅन्सर विभागांत डिस्चार्ज कागदासोबत मराठीत असं एक कार्ड मिळालं, तर साताऱ्या-सोलापूरहून उपचारांसाठी आलेल्या कुटुंबालाही गावी परतल्यावर कळेल की कोणती पाठदुखी सोमवारपर्यंत थांबू शकते आणि कोणती नाही.

तोपर्यंत घरच्यांनी पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना दोन प्रश्न विचारून ठेवावेत: 'आजार मणक्यांत किंवा मेंदूत पसरलाय का?' आणि 'रात्री यातलं काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?' तो नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवावा.