एका वर्षाची मुदत

घरांतील मुलगा किंवा मुलगी एखाद्या अपरिचित धंद्याकडे वळूं लागली, म्हणजे वडील माणसांची जी तारांबळ उडते ती आमच्या वाचकांस नवीन नाहीं. वकिली, वैद्यकी, शिक्षकी या वाटा आपल्या पायाखालच्या. त्यांतील खांचखळगे आपणांस ठाऊक असतात. परंतु ज्या वाटेवर सात पिढ्यांत कोणीं पाऊल टाकलें नाहीं तिचें नांव मुलानें घेतलें, तर काय करावें? बहुधा दोनच उत्तरें दिलीं जातात. कोणी 'हें आपल्या घरांत चालणार नाहीं' म्हणून दार लावून घेतो; कोणी 'तुझें तूं पाहा' म्हणून हात झटकतो. तिसरें एक उत्तर आहे. तें फ्रान्स देशांतील एका बागाइतदारानें आपल्या कन्येस दिलें. त्याची हकीकत या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

दक्षिण फ्रान्समध्यें ग्रास नांवाचें गांव अत्तरांच्या धंद्यासाठीं जगभर प्रसिद्ध आहे. तेथें गुलाब व जाई यांची लागवड करणाऱ्या पिएर मूतों यांच्या घरीं १९५१ सालीं मिशेल ही कन्या जन्मली. चौदाव्या वर्षींच ती वडिलांची मोटार हांकूं लागली होती. १९७२ सालीं एका मित्रानें तिला रॅलीच्या सरावांत सोबतीस बोलाविलें, आणि १९७३ च्या माँटे कार्लो रॅलींत ती त्याच्या शेजारीं सहचालक म्हणून बसली. तेव्हां वडिलांचें म्हणणें असें पडलें कीं, दुसऱ्याच्या शेजारीं बसण्यापेक्षां मुलीनें स्वतःच मोटार हांकावी. त्यांनीं तिला अल्पीन जातीची मोटार घेऊन दिली, एका वर्षाचा खर्च पत्करला, आणि तेवढ्या अवधींत कांहीं करून दाखविण्याची अट घातली.

या धंद्याविषयीं येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे; कारण मोटारींची शर्यत म्हटली कीं, गोल चक्करावर एकदम सुटलेल्या गाड्यांचेंच चित्र डोळ्यांपुढें येतें. रॅलीचा प्रकार निराळा. ती नेहमींच्याच रस्त्यांवर होते: कधीं डोंगरांतील डांबरी वळणें, कधीं जंगलांतील खडी, कधीं बर्फ, कधीं चिखल. त्या रस्त्यांचे कांहीं टप्पे इतर रहदारीस बंद ठेवून गाड्या एकामागून एक, ठरावीक अंतरानें सोडतात. सर्व टप्प्यांस लागलेल्या वेळाची बेरीज जिची सर्वांत कमी, ती गाडी जिंकली. म्हणजे प्रतिस्पर्धी बहुधा दृष्टीसही पडत नाहीं. झुंज असते ती घड्याळाशीं आणि रस्त्याशीं.

प्रत्येक गाडींत माणसें दोन. एकानें चक्र धरावयाचें, दुसऱ्यानें वही वाचावयाची. शर्यतीपूर्वीं दोघें मिळून तो रस्ता सावकाश पाहून येतात, आणि वळण डावें कीं उजवें, किती तीव्र, पुढचें किती अंतरावर, हें सारें संक्षिप्त खुणांनीं टिपून घेतात. ज्यांनीं बाळपणीं सूत्रें घोकलीं आहेत त्यांस ही लेखनाची रीत ओळखीची वाटेल. अर्ध्या मात्रेची काटकसर येथेंही मोलाची. शर्यतीच्या वेळीं ती वही मोठ्यानें वाचली जाते, आणि जें वळण अद्याप दिसलेलें नाहीं त्यासाठीं चालक गाडी सिद्ध करतो. वाचणाराचा एक शब्द चुकला, किंवा ऐकणाराचा विश्वास क्षणभर डळमळला, तर गाडी दरींत. भारतीय युद्धांत लगाम आणि उपदेश हे दोन्ही एका श्रीकृष्णाच्याच हातीं होते. येथें ते दोघांत वांटलेले असतात.

वडिलांनीं घातलेली मुदत मिशेलबाईंनीं वायां घालविली नाहीं. त्यांची गाडी इतकी वेगानें जाऊं लागली कीं, इंजिनांत कांहीं काळेंबेरें असावें अशी कुजबुज सुरू झाली. अधिकाऱ्यांनीं इंजिन तपासलें. त्यांत वावगें कांहींच निघालें नाहीं. आमच्या मतें याहून स्पष्ट प्रशस्तिपत्र मिळणें कठीण. १९७८ मध्यें फियाट गाडी घेऊन त्यांनीं फ्रान्सची प्रदक्षिणेची प्रसिद्ध शर्यत जिंकली, आणि १९८० सालीं जर्मनींतील ऑडी कंपनीचें बोलावणें आलें. जिचीं चारही चाकें इंजिनाच्या जोरानें फिरतात अशी 'क्वाट्रो' नांवाची नवी गाडी या कंपनीनें तयार केली होती. शेजारीं वही वाचण्यास इटलीच्या फाब्रित्सिया पोन्स बसल्या. १९८१ च्या ऑक्टोबरांत इटलींतील सान रेमो रॅली या दोघींनीं जिंकली. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेंतील रॅली एका स्त्रीनें जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

पुढचें १९८२ साल हें या कारकीर्दीचें शिखर, आणि तेंच तिच्या परीक्षेचेंही. पोर्तुगाल, ब्राझील व ग्रीस या तीन देशांतील रॅली मिशेलबाईंनीं जिंकल्या. जर्मनीचा वाल्टर रोर्ल गुणांत पुढें होता. परंतु दोन रॅली अद्याप उरल्या होत्या आणि अजिंक्यपद आटोक्यांत होतें. त्यांतील पहिली आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्टची. ती सुरू होण्याच्या तोंडावरच पिएर मूतों कर्करोगानें निवर्तले. मिशेलबाई घरीं परतावयास निघत होत्या. परंतु आईनेंच त्यांस थांबविलें. मुलीनें शर्यतींत उतरावें हीच वडिलांची इच्छा होती, असें तिनें सांगितलें.

या ठिकाणीं आमचे पुष्कळ वाचक थबकतील हें आम्ही जाणतों. पित्याचें अंत्यदर्शन सोडून शर्यत धांवणें हें कन्येच्या धर्मांत बसतें काय? आम्हीं यावर पुष्कळ विचार केला. आम्हांस चित्रकूटावरील प्रसंग आठवतो. दशरथाच्या मृत्यूची वार्ता घेऊन भरत आला; रामानें शोक केला, तर्पण केलें, पण वनवास सोडला नाहीं. वचन ज्यास दिलें तो गेला म्हणून वचन संपत नाहीं, हाच त्या प्रसंगाचा अर्थ. ग्रासच्या त्या मातेनें रामकथा वाचली असण्याचा संभव नाहीं. तरी वैधव्याच्या पहिल्या घटकेस तिनें मुलीला जें सांगितलें तें याच जातीचें होतें.

मिशेलबाई शर्यतींत उतरल्या आणि त्यांनीं मोठी आघाडीही मिळविली. पुढें गाडीच्या दांतेचक्रांच्या पेटींत बिघाड होऊन ती आघाडी आटत गेली. शेवटीं गाडी रस्त्याबाहेर गेली आणि शर्यत सोडावी लागली. रोर्ल ती रॅली जिंकला आणि अजिंक्यपदही त्यालाच मिळालें. वर्षअखेर त्याचे गुण १०९ व मिशेलबाईंचे ९७ झाले. ज्यांस कथेचा शेवट गोड लागतो त्यांची येथें निराशा होईल. परंतु वडिलांची इच्छा शर्यत जिंकण्यापुरती नव्हती, उतरण्याची होती. ती पुरी झाली. अपयश पदरीं घेऊन पुढें ब्रिटनमधील अखेरच्या रॅलींत त्या पुन्हां उतरल्या आणि दुसऱ्या आल्या, हें आम्हांस एखाद्या विजयाहून थोर वाटतें.

१९८५ मध्यें अमेरिकेंतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखराचा चढ त्यांनीं ११ मिनिटें २५·३९ सेकंदांत गांठून पूर्वींचा उच्चांक मोडला. परंतु या खेळाची दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य नव्हे. त्या काळच्या गाड्यांचा वेग माणसाच्या आवांक्याबाहेर चालला होता. १९८६ च्या मे महिन्यांत कॉर्सिका बेटावर हेन्री तोइवोनेन हा तरुण चालक आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्तो गाडीसह जळून मेले. त्या जातीच्या गाड्यांवर वर्षअखेरपासून बंदी आली. त्याच वर्षीं मिशेलबाईंनीं प्यूजो गाडीवर जर्मनीचें अजिंक्यपद मिळविलें, आणि पसतिसाव्या वर्षीं निवृत्ति पत्करली. पुढें १९८८ मध्यें तोइवोनेनच्या स्मरणार्थ निवडक चालकांची एक वार्षिक शर्यत त्यांनीं एका सहकाऱ्यासह सुरू केली. आणि २०१० सालीं आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या स्त्रीविषयक मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

कोणी विचारील, ज्या धंद्यांत माणसें जळून मरतात तींत पोटची पोर घालणारा बाप शहाणा कसा म्हणावा? प्रश्न रास्त आहे, आणि प्रत्येक घरानें अशीच मोटार घेऊन द्यावी असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. आम्ही बोट ठेवतों तें त्या मुदतीवर. केवळ पैसा दिला असता तर तो लाड ठरता. केवळ अट घातली असती तर ती अडवणूक. साधन आणि मुदत हीं दोन्ही एकत्र दिल्यानें मुलीस स्वतःचें माप स्वतः घेतां आलें. जिनें मुदतीवर आरंभ केला, तिला केव्हां थांबावें हेंही कळलें, असें आम्हांस वाटतें.

तेव्हां आपल्या घरांतील कोणी उद्यां चित्रकला, गिर्यारोहण किंवा दुसरें कांहीं अपरिचित नांव घेऊन समोर उभें राहिलें, तर वडील मंडळींनीं एकदम होय किंवा नाहीं म्हणण्याची घाई करूं नये. आपणांस झेपेल तेवढें साधन द्यावें, अवधि ठरवून द्यावा, आणि तो अवधि संपेपर्यंत रोज उठून बी उकरून पाहूं नये. हा शेवटचा नियम पाळणें सर्वांत अवघड आहे, हें आम्ही शिक्षकाच्या अनुभवानें सांगतों.