खलाशाची आठवण हाही दस्तऐवजच

तेलंगणातल्या निर्मलहून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच. बासरवरून वाहत गेलेले गोदावरीचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते, एवढाच या भागाचा समुद्राशी रोजचा संबंध. तरीही नौदलाची भरती किनाऱ्यावरच्या गावांपुरती कधीच नव्हती. तेलंगण, मराठवाडा, विदर्भ इथल्या कोरडवाहू तालुक्यांतली मुले पंधरा-वीस वर्षे जहाजाच्या पोटात इंजिनापाशी, तोफेपाशी, वायरलेसच्या खोलीत काढतात आणि निवृत्त होऊन अशा गावी परततात जिथे त्यांनी नेमके काय केले हे विचारायलाही कुणाला सुचत नाही. लष्करातून आलेल्या जवानाला निदान सियाचीन, कारगिल ही नावे तरी मदतीला येतात. नौसैनिकाच्या वाट्याला स्वातंत्र्यदिनाची शाल, श्रीफळ आणि दोन मिनिटांचे मनोगत. हा सन्मान खोटा नाही, पण तो अपुरा आहे. या माणसांकडे जे आहे ते समारंभात ऐकून टाळ्या वाजवण्याजोगे भाषण नसून इतिहासाचा पुरावा आहे. पुरावा जसा नोंदवतात, तपासतात, जपतात, तसेच त्यांच्या आठवणींचे व्हायला हवे, आणि तेही ती माणसे हयात असताना.

‘खुकरी’चे उदाहरण घ्या. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ही फ्रिगेट बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक तिच्याबरोबर गेले. वाचले ते ६७ जण. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतः बाहेर पडायचे नाकारले, आपले लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिले, जहाजाबरोबरच ते गेले, हे आज शाळकरी मुलांनाही सांगितले जाते. पण हे आपल्याला कळले कसे? जहाज काही मिनिटांत दिसेनासे झाले. ब्रिजवर काय घडले ते ज्यांनी पाहिले आणि दुसऱ्या दिवशी ज्यांना पाण्यातून उचलले गेले, त्यांनी सांगितले म्हणूनच. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी पुढे खुकरीवर पुस्तक लिहिले ते वाचलेल्यांच्या आठवणींच्याच आधारावर. मुल्ला यांना मरणोत्तर मिळालेल्या महावीर चक्रामागे ज्या रात्रीची कथा आहे, तिचे साक्षीदार म्हणजे ही भिजलेली, गारठलेली, आपले सोबती गमावलेली माणसे.

त्या साक्षींमध्ये नुसते गौरवगान नाही. पाण्याखालची पाणबुडी शोधणाऱ्या जुन्या सोनार यंत्रणेची जहाजे आधुनिक फ्रेंच बनावटीच्या पाणबुडीच्या मागावर का पाठवली, सोनारचा पल्ला वाढवण्याच्या प्रायोगिक उपकरणासाठी जहाजाचा वेग कमी ठेवणे त्या रात्री कितपत शहाणपणाचे होते, हे प्रश्न खुकरीच्या कहाणीपासून वेगळे काढता येत नाहीत. त्या जहाजावर नोकरी केल्याचा अभिमान आणि हे प्रश्न एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदू शकतात. आपल्या सार्वजनिक बोलण्यात मात्र अभिमान म्हटला की प्रश्न गप्प बसवायचे, आणि प्रश्न विचारला की अभिमानावर शंका घ्यायची, अशी वाईट सवय लागली आहे. म्हाताऱ्या सैनिकाला नीट ऐकले तर ती सुटायला मदत होईल.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की नौदलाचा अधिकृत इतिहास लिहिलेला आहे, कागदपत्रे आहेत, मग गावोगावच्या आठवणी कशाला? कागदांवर इतका विश्वास टाकावा अशी आपली परिस्थिती नाही. कोलकात्याच्या लष्करी पूर्व मुख्यालयातल्या, बांगलादेश युद्धाच्या बहुतेक नोंदी सापडत नाहीत, त्या नष्ट केल्या गेल्या असाव्यात, अशी बातमी २०१० मध्ये आली होती. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने अजूनही अधिकृतपणे खुला केलेला नाही. १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडालेली पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी आपल्या विनाशिकेच्या माऱ्याने बुडाली की तिच्यातच स्फोट झाला, हा वाद दोन देशांत पन्नास वर्षांनंतरही मिटलेला नाही. संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये धोरण जाहीर केले, की नोंदी साधारणपणे २५ वर्षांत खुल्या कराव्यात आणि युद्धाचा इतिहास पाच वर्षांच्या आत लिहून काढावा. हे स्वागतार्ह आहे, पण नवे धोरण जळालेला कागद परत आणू शकत नाही. जिथे कागद नाही तिथे माणूस उरतो, आणि १९७१ साली विशीत असलेला नाविक आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे.

शिवाय कागदावर कोणाचा आवाज येतो हेही पाहायला हवे. व्हाइस ॲडमिरल जी. एम. हिरानंदानी यांनी १९६५ ते १९७५ या दशकाचा नौदलाचा इतिहास लिहिताना युद्धात भाग घेतलेल्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत घातल्या, आणि त्यामुळे तो ग्रंथ जिवंत झाला. पण त्यात बोलतात ते मुख्यत्वे अधिकारी. खुकरीवर गेलेल्या १९४ जणांपैकी १७६ नाविक होते, हे प्रमाण लक्षात ठेवले तर केवढा मोठा हिस्सा मुका राहतो ते कळते. अधिकारी इंग्रजीत आत्मचरित्र लिहू शकतो. बॉयलर रूममध्ये घाम गाळलेला माणूस ते लिहीत नाही. तो बोलेल, पण तेलुगूत किंवा मराठीत, आणि समोर कुणी बसले तर.

खालच्या पदांवरच्या माणसांनी स्वतः काही नोंदवले नाही तर काय होते, याचा धडा मुंबईनेच दिलेला आहे. १८ फेब्रुवारी १९४६ ला ‘तलवार’ या तळावरच्या नाविकांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांविरुद्ध संप पुकारला. पाहता पाहता तो ७८ जहाजांवर आणि सुमारे २० हजार नाविकांत पसरला. आझाद हिंद फौजेच्या कैद्यांच्या सुटकेची मागणी त्यात आली. गिरणगावातले कामगार रस्त्यावर आले आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून नाविकांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर शेकडो जणांना नोकरीवरून काढून घरी पाठवले गेले, आणि स्वतंत्र भारताच्या नौदलानेही त्यांना परत घेतले नाही. त्यांच्यातलेच एक टेलिग्राफिस्ट बी. सी. दत्त यांनी आपली हकीकत पुस्तकरूपाने मांडली ती थेट १९७१ मध्ये. मधल्या काळात उत्पल दत्त यांच्या ‘कल्लोल’ नाटकाने १९६५ साली कोलकात्यात तो उठाव रंगमंचावर आणला, तर मुंबईत कुलाब्याला स्मारक उभे राहायला २००१ साल उजाडले. एका टेलिग्राफिस्टने लेखणी उचलली नसती तर ‘तलवार’वरच्या त्या रात्रींतल्या किती गोष्टी ब्रिटिशांच्या चौकशी समितीच्या भाषेतच आपल्यापर्यंत आल्या असत्या! ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना सरकारने अभिमान बाळगायला काही दिलेले नव्हते. तरीही तो त्यांनी बाळगला. सेवेचा अभिमान पदकातून उगवत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्मृती फसवते. पन्नास वर्षांनी सांगितलेल्या गोष्टीत वाचलेले, ऐकलेले, सिनेमात पाहिलेले मिसळते. आपल्या हातून झालेले लहान काम मोठे होते आणि चूक गळून जाते. हे सगळे खरे आहे. पण पुरावा म्हणजे बिनचूक विधान नव्हे. न्यायालयही साक्षीदार पारखून घेते, त्याला दारातून हाकलत नाही. एकाच जहाजावरच्या चौघांनी वेगवेगळे सांगितलेले ताडून पाहता येते, लॉगबुकशी जुळवता येते. एकानेही सांगितले नाही तर ताडायला काही उरत नाही. निर्मलच्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. ब्रिटिशांविरुद्ध लढलेले रामजी गोंड आणि त्यांच्या साथीदारांना १८६० मध्ये इथे वडाच्या झाडाला फाशी दिले गेले. हजार जण होते हा आकडा अभ्यासक तपासत राहोत, त्यांनी तपासलाच पाहिजे. पण तपासण्यासारखे काही शिल्लक राहिले ते गोंड घराघरांतून ती गोष्ट सांगितली गेली म्हणून. ज्या प्रदेशाने आपला सर्वांत मोठा इतिहास तोंडी परंपरेने राखला, त्याने आठवणीला कमी लेखू नये.

तिसरी शंका अशी, की सैनिकांच्या अभिमानाला व्यासपीठ दिले की युद्धाचा ज्वर वाढतो. ही भीती निराधार म्हणता येत नाही. दूरचित्रवाणीच्या चर्चांत गणवेशाचा वापर कसा होतो ते आपण पाहतो. पण तिथे दिसतो तो कॅमेऱ्यापुढे मागवलेला अभिमान. तीन तास सावकाश ऐकले तर प्रत्यक्ष समुद्रावर राहिलेला माणूस शत्रूपेक्षा स्वयंपाक्याबद्दल, बंकवरच्या शेजाऱ्याबद्दल, पत्र उशिरा आल्याबद्दल जास्त बोलेल. युद्ध ज्याला तपशिलात आठवते त्याला ते स्वस्त वाटत नाही. अशा तपशिलांची नोंद हाच युद्धज्वरावरचा खरा उतारा आहे.

जपणूक कशी करावी आणि कशी करू नये, याची दोन्ही उदाहरणे आपल्याकडे आहेत. १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात पराक्रम केलेली पहिली ‘विक्रांत’ विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून होती. मग देखभालीचा खर्च पेलेना म्हणून २०१४ मध्ये भंगारात विकली गेली. त्याच युद्धात खुकरी बुडवणारी ‘हंगोर’ मात्र कराचीच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. ही तुलना बोचते, आणि बोचायलाच हवी. उलट बाजूला विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर ‘कुरसुरा’ पाणबुडी २००२ पासून लोकांसाठी उघडी आहे. तेलंगण-आंध्रातून सहलीला गेलेली हजारो मुले तिच्या अरुंद बोगद्यातून वाकून गेली असतील. तिथे माहिती देण्यासाठी निवृत्त नौसैनिक नेमलेले आहेत. टॉर्पेडोच्या नळीपाशी उभा राहून पाणबुडीतला माणूस बोलतो तेव्हा लोखंडाला अर्थ येतो. त्याच्याशिवाय ते नुसते पोलाद आहे.

अमेरिकेत मरीन दलात एकदा सेवा केलेला माणूस निवृत्तीनंतरही स्वतःला मरीनच म्हणवतो. १० नोव्हेंबरला दलाच्या वर्धापनदिनी केकचा तुकडा सर्वांत वयस्क मरीनकडून सर्वांत तरुणाच्या हाती जातो. आपल्याकडे तसे स्वतंत्र मरीन दल नाही. समुद्री कमांडोंची ‘मार्कोस’ ही तुकडी १९८७ मध्ये उभी राहिली आणि तिच्या माणसांना कामाबद्दल गप्पच राहावे लागते. पण त्या देशाकडून घेण्यासारखी गोष्ट केक नव्हे. तिथल्या संसदेने २००० मध्ये कायदा करून माजी सैनिकांच्या आठवणी राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याचा प्रकल्प सुरू केला आणि आज तिथे एक लाखाहून अधिक जणांचा संग्रह आहे. त्यात सेनापती आहेत तसे आचारी आणि ड्रायव्हरही आहेत.

निर्मलमध्ये हे करायला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. सैनिक कल्याण कार्यालयांकडे निवृत्तिवेतनासाठी नावांच्या याद्या असतात. बासरच्या राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठात शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. सीमेपलीकडे नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. भैंसा, मुधोळ, किनवट इथे मराठी आणि तेलुगू दोन्ही बोलणारी घरे आहेत. गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच बैठकीत समजावून सांगाव्यात, आणि ज्याला बोलायचे नाही त्याला सोडून द्यावे. पराक्रमाची गोष्ट आधी विचारू नये. जहाजाचे नाव, साल, हुद्दा, कामाची पाळी, इंजिनाजवळचा उष्मा, पहिला पगार आणि त्यातला किती घरी गेला, कोणाशी भांडण झाले, कोण परत आला नाही, हे विचारावे. मुद्रणाची एक प्रत घरच्यांना, एक ग्रंथालयात, एक विद्यापीठात. आणि यादीतल्या सर्वांत वयस्क माणसापासून सुरुवात करावी, याच महिन्यात.